चार महिन्यांनी धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा व्हिसा आल्याचं कळलं. आनंद झाला, पण हुरळून जाऊ नकोस. व्हिसा म्हणजे फक्त दाराशी उभं राहण्याची परवानगी. दार उघडायचं की नाही हे तिथे बसलेला साहेब ठरवतो, आणि साहेब काय चीज असते ते तुझ्या या भावाला विचार. दाखल्यांच्या कार्यालयात खिडकी नंबर चारच्या आत एकतीस वर्षं काढली आहेत. कागद कमी पडला म्हणून परत गेलेला माणूस मी रोज पाहिला. कागद जास्त झाले म्हणून परत गेलेला एकही पाहिला नाही.

सबब तुझी फाईल मी स्वतः तयार केली आहे. सोबतच्या पार्सलात त्रेचाळीस कागद आहेत, प्रत्येकाच्या तीन प्रती, क्रमांक टाकून लाल दोऱ्यानं बांधलेल्या. तुझे दाखले, माझे दाखले, ताईचे दाखले, आईबाबांचा लग्नातला फोटो, दवाखान्याच्या शिवणखोलीतून तू निवृत्त झालीस ते पत्र आणि ताईच्या डॉक्टरांची चिठ्ठी. शेवटी प्रश्नोत्तरांचं एक पान आहे. प्रश्न सतरा, उत्तरं सतरा. पाठ कर. पाठ म्हणजे पाठ, स्वतःच्या शब्दांत सांगत बसू नकोस. तुझ्या शब्दांनी आजवर कुणाचं काम झाल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी जूनपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर ताईला माणसाचा चेहरा दिसणार नाही, फक्त उजेड आणि अंधार कळेल. अठरा वर्षांत आपण तिला पाहिलेलं नाही, आणि तिनं आपल्याला. माझे गुडघे विमानात मावत नाहीत, म्हणून दोघांच्या वतीनं तू जा आणि तिला पोटभर बघू दे. फोन करू नकोस. तू म्हणतेस मला ऐकू येत नाही, मी म्हणतो तू पुटपुटतेस. पत्रात हा वाद होत नाही.

साहेबासमोर मान खाली, आवाज खाली. तुला थोडीतरी अक्कल आहे असं गृहीत धरून थांबतो. माया आहेच, ती असू दे.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पार्सल पोचलं. पोस्टमननं ते दारात टेकवलं आणि विचारलं की घर बांधायला काढलंय का. मी सांगितलं की विटा नाहीत, माझे दादा आहेत.

प्रश्नोत्तरं पाठ करते आहे. सातव्या प्रश्नाला, म्हणजे कशासाठी आलात याला, तू उत्तर दिलं आहेस की उपरोक्त भगिनीस भेटणे. जन्मात कुणी ताईला उपरोक्त भगिनी म्हटलं नसेल. पण तू म्हणतोस तर म्हणेन. साहेब लोकांची भाषा तुला कळते, मला फक्त गळ्याचं आणि बाह्यांचं माप कळतं.

ताईसाठी एक जाकीट शिवलं. आईची डाळिंबी शाल होती ना, कोपऱ्यात कसरीनं खाल्लेली, ती बाहेरून लावली आणि आत मऊ अस्तर. रंग डोळ्यांत भरणारा आहे. भरेल तेवढा भरू दे, थोडेच दिवस उरलेत. माझी सुईदोऱ्याची डबी बरोबर ठेवते आहे. तिथे पोचल्यावर मापात फरक निघाला तर लगेच दुरुस्त करता येईल.

गुडघ्यांना तेल लाव आणि चिडचिड कमी कर. या आगाऊ बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अक्षर एवढं मोठं का म्हणून हसू नकोस. आता मला एका पानावर नऊच ओळी बसवता येतात, दहावी कुठे जाते ते देवाला ठाऊक. मुलगा म्हणतो की तू सांग, मी लिहितो, पण बहिणीला लिहायचं आणि मध्ये मुलगा, म्हणजे निम्मं गिळावं लागणार.

तीन मार्चला आम्ही दोघं विमानतळावर येऊ. मी बाहेरच्या दारासमोर पहिल्या बाकावर बसेन. हल्ली समोरचं मधूनच दिसतं, बाजूचं नाही, तेव्हा तू अगदी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहा. चार दिवस जरा कमी बोल, मला आधी तुला बघायचं आहे. तुझे केस पिकलेत का ते दादा लिहीत नाही. स्वतःचे गेल्यापासून तो केसांचा विषयच काढत नाही.

काही आणू नकोस. तू आलीस म्हणजे सगळं आलं. ये लवकर, वाटेकडे डोळे लावून बसले आहे, आहेत तोवर.

तुझी,
ताई

७ मार्च

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रावर माझ्या घराचा पत्ता बघून चमकू नकोस. मी घरीच आहे. ताईचं घर सोड, ताईच्या गावचा रस्तासुद्धा मला दिसला नाही. मी त्या देशात चौदा तास होते आणि मला दिसल्या त्या आठ खुर्च्या, एक बंद खोली आणि एक बटण. सगळं क्रमानं सांगते, तुझ्या फाईलसारखं.

भलाथोरला हॉल होता. जमिनीवर पिवळी रेघ, पुढे काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक साहेब. माझ्या वाट्याला आला तो पन्नाशीचा, इस्त्रीचा गणवेश, आणि छातीवरचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. चौतीस वर्षं शिवणखोलीत काढलेल्या बाईची नजर दुसरीकडे जाईल कशी? त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही, म्हणून त्यानं टेलिफोनवर एका दुभाषी बाईला घेतलं. त्यानं पहिल्यांदा विचारलं की किती दिवस राहणार. तुझ्या पानावर हा प्रश्न बारावा आहे. मी पहिलं उत्तर धरून बसले होते, म्हणून मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं. मग त्यानं विचारलं की बरोबर कोण आहे. मी म्हटलं, दवाखान्याची शिवणखोली, चौतीस वर्षं. तो चार प्रश्नांत गोंधळला आणि मी पाचव्यात. तेवढ्यात त्याला पाठांतराचं पान दिसलं. ते त्यानं दोन बोटांत धरून शेजारच्या पेटीतल्या साहेबाला दाखवलं. दोघं बराच वेळ हसले.

मग मी शहाणपणानं तुझी फाईल पुढे केली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्यानं लाल दोरा सोडला, एकेक कागद उलटला, आणि एकोणतिसाव्या कागदावर थांबला. तो ताईचा शाळेचा दाखला. कुणी मागितला नव्हता, तू लावला होतास. त्यानं तो माझ्या पासपोर्टशेजारी ठेवला आणि बोटांवर महिने मोजले. चार. मग त्यानं विचारलं की एका आईला चार महिन्यांच्या अंतरानं दोन मुली कशा होतात. हे माझ्यापर्यंत पोचवताना त्या दुभाषी बाईलाच लाज वाटली.

दादा, सतरा उत्तरांत हे उत्तर नव्हतं. खरं काय ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बाबांनी शाळेत घालताना तिला दोन वर्षांनी लहान केलं. आणि मी साडेचौदाचीही नव्हते तेव्हा शिवणवर्गाला अठरा पूर्ण हवीत म्हणून तू मला तीन वर्षं आठ महिन्यांनी मोठी केलीस, तुझी नवी नवी नोकरी, नवा शिक्का, एका दुपारी. हे त्याला सांगावं तर कागद खोटे ठरतात, न सांगावं तर बहीण खोटी ठरते. मी गप्प बसले. त्यानं लिहिलं की नातं बनावट आहे.

तिथून मला बंद खोलीत नेलं. पाणी मागितलं तर निरोप आला की विनंतीचा विचार होईल. दोन तासांनी विचार झाला. बाहेर माझी बहीण बसली आहे, तिला एवढं तरी सांगा, म्हणून हात जोडले, तर तो म्हणाला की बाहेर कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. व्हिसा दुसऱ्यानं दिलाय, त्यानं नाही, आणि या पिवळ्या रेघेच्या आत तो म्हणेल तोच कायदा. एवढं सांगून तो जेवायला गेला. परत आल्यावर त्यानं बॅग उलटी केली. जाकीट हातात घेतलं, चाचपलं, आणि ब्लेडनं अस्तर टरकावलं. आत काय लपवलंय ते बघायचं होतं. आत शाल निघाली. सुईदोऱ्याची डबी धोकादायक म्हणून जप्त झाली.

संध्याकाळी त्याचा वरचा साहेब तपासणीला येणार असं कळलं आणि धावपळ उडाली. तेव्हा ह्या बटणसाहेबाला आपलं बटण दिसलं. दुभाषी बाईला पुन्हा फोन लागला आणि मला विचारण्यात आलं की बटण जरा लावून द्याल का. धोकादायक सुई अर्ध्या मिनिटात निरुपद्रवी होऊन परत आली. मी म्हटलं, अर्ज करा, तीन प्रतींत. फोनवरची बाई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. त्याला काय सांगितलं तिनं, देव जाणे. पण लोंबणारं बटण मला बघवत नाही, हा माझा रोग आहे. माझ्याकडे डाळिंबी दोराच होता, त्यानंच बटण लावलं, चांगले आठ वेढे देऊन. आणि सुई परत देण्याआधी तिथेच बसून ताईचं अस्तर शिवलं. डोळ्यांना सापडणार नाही असं शिवलं.

त्यानं माझे आभार मानले. मग व्हिसावर आडवा शिक्का मारला आणि रात्रीच्या विमानात बसवून दिलं. ताई बाहेर त्या पहिल्या बाकावर अकरा तास बसून होती, हे मला काल तिच्या मुलाच्या फोनवरून कळलं.

रडून झालं आहे, तेव्हा सांत्वन करू नकोस. उलट टपाली मात्र लिही.

तुझी,
धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माजोरडेपणा! जनतेच्या पैशावर पोसलेला नोकर, आणि म्हणतो काय तर तो म्हणेल तोच कायदा. विधवा, पासष्टीची बाई, हातात रीतसर व्हिसा, सोबत त्रेचाळीस कागद, आणि तिला पाण्यासाठी अर्ज? माणूस समोर रडतो आहे आणि हा जेवायला उठतो? अशा लोकांना खुर्ची मिळते आणि खुर्चीबरोबर शिंगं फुटतात. नियम माणसासाठी असतात की माणूस नियमासाठी, एवढं तरी त्याला कुणी शिकवलं नाही का?

मी सात पानी तक्रार लिहिली आहे, त्यांच्या मंत्र्याला, आपल्या मंत्र्याला आणि विमान कंपनीला. त्यात अधिकाराचा दुरुपयोग हा शब्द अकरा वेळा आला आहे. बटणाचा उल्लेख परिशिष्टात केला आहे. बटण लावून द्यायची तुला काय गरज होती? तुझ्यात स्वाभिमान म्हणून नाही.

जन्मतारखांचा मुद्दा तू उगाच ताणला आहेस. तो निव्वळ तांत्रिक आहे. माणसात माणुसकी असती तर त्यानं तिकडे काणाडोळा केला असता.

धीर धर. असल्या साहेबांना सरळ करणं माझ्या हातचा मळ आहे. तुझ्यावर जीव आहे, विसरू नकोस.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा करमणूक झाली. मंत्र्यांच्या प्रती पाठवल्या नसशील तर थांब, आणि एक परिशिष्ट आणखी जोड. ते मी सांगते.

बत्तीस वर्षांची होते मी, म्हणजे तुझ्या दाखल्यात छत्तीसची. दवाखान्यात कायम झाले तेव्हा कळलं की कागदावरच्या वयानं मला जवळजवळ चार वर्षं आधी घरी बसवणार. तारीख दुरुस्त करून घ्यायला मी खिडकी नंबर चारला आले. रांगेत सतरा माणसं होती. आत तू. मला वाटलं तू हसशील. तू वर न बघता विचारलंस की काय काम आहे. मी दादा म्हटलं, तर तू सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालास की खिडकीच्या आत मी कुणाचा भाऊ नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हा जन्मावेळी हजर असलेल्या दोन व्यक्तींचं शपथपत्र मागितलंस. आई गेलेली, दाई गेलेली. तिसरा साक्षीदार आठ वर्षांचा होता, उंबऱ्यावर बसून होता आणि मोठेपणी खिडकीच्या आत गेला. मी तीनदा आले, दादा. तिसऱ्यांदा तू माझ्या तोंडासमोर जेवणाची पाटी लावलीस.

तेव्हा मी समजले की तू फार शिस्तीचा आहेस. नंतर समजलं की तू घाबरला होतास. तारीख दुरुस्त झाली असती तर मूळ नोंद कुणी केली हे विचारलं गेलं असतं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ठरल्यापेक्षा तीन वर्षं आठ महिने आधी मशीनवरून उठले, आणि घरी दुसरं मशीन घेतलं. तुझ्यावर राग धरला नाही, कारण दुसरा भाऊ नव्हता.

त्या काचेच्या पेटीतल्या साहेबाला मी कशी घाबरले नाही, असं तू विचारलं नाहीस. सांगते. तो मला ओळखीचा वाटला. पाटी तेवढी वेगळ्या भाषेत होती.

आता मंत्र्यांना सोड. चूक तुझ्या अक्षरात आहे, ती तुलाच खोडावी लागेल. तोवर कुठलाही साहेब बोटांवर चार मोजेल आणि मला परत पाठवेल. जून यायला अडीच महिने आहेत.

एवढं लिहूनही लोभ उरला असेल तर कळव, नसेल तरी कळव.

तुझी,
धाकटी

२० मे

ती. दादास साष्टांग नमस्कार.

अक्षर भाचेबुवांचं आहे, शब्द माझे. दोन महिने तू कुणालाच पत्र लिहिलं नाहीस. धाकटी म्हणते तू रुसला आहेस. मी तिला कळवलं की दादा रुसला की लांबलचक पत्रं लिहितो, गप्प बसतो तो लाज वाटली की.

गेल्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाचे काटे गेले. आधी लहान, मग मोठा. त्या दिवशी विमानतळावर दार उघडलं की बाहेर येणारी प्रत्येक बाई मला धाकटी वाटायची. मी उठायचे, ती बाजूनं निघून जायची. असं किती वेळा झालं ते मुलानं मोजलं आहे, मी त्याला सांगू नको म्हटलं. आता ती मला दिसायची राहिली असेल तर राहू दे, भेटायला तरी येऊ दे.

तू तिला एका दुपारी मोठी केलीस. तशीच एक दुपार काढ आणि लहान कर. बाकी आम्हा दोघींत तुझी निंदा रोज चालू असते, त्यामुळे तुला दीर्घायुष्य मिळणार यात शंका नाही. आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई

५ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

उत्तम हा शब्द मी गाळला आहे. आशीर्वाद उत्तम आहेत की नाही हे आता तू ठरव.

मार्चअखेर तुझं पत्र आलं. मंत्र्यांच्या प्रती फाडल्या आणि दुसऱ्या दिवशी मी खिडकी नंबर चारला गेलो. आत आता कोण बसतो ठाऊक आहे का? माझ्या हाताखाली तयार झालेला, सगळ्याला टाचणी लावायचा म्हणून ज्याला आम्ही टाचणी म्हणायचो, तो. मला वाटलं, पोरगा उठून खुर्ची देईल. त्यानं वर न बघता विचारलं की काय काम आहे. मी म्हटलं, अरे मी. तो म्हणाला, रांगेत या. गुरूची विद्या गुरूला फळली.

बारा खेपा झाल्या. पहिल्या खेपेला अर्जाचा रंग चुकला. दुसऱ्या खेपेला त्यानं जन्मावेळी हजर असलेल्या दोन व्यक्तींचं शपथपत्र मागितलं. मी विचारलं की हा कुठला नियम. त्यानं परिपत्रक दाखवलं. खाली माझी सही होती. तो कायद्यात कुठेच नाही धाकटे, तो मी केला होता, तुझ्यासाठी, तू दुसऱ्यांदा आलीस त्या आठवड्यात. तेव्हापासून किती म्हाताऱ्या बायका मेलेल्या दायांना शोधत फिरल्या असतील, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. पाचव्या खेपेला माझा नंबर आला आणि त्यानं जेवणाची पाटी लावली. पाटी माझ्याच अक्षरातली. वेळ लिहायची जागा मी त्या काळी मुद्दाम कोरी ठेवली होती. त्या कोऱ्या जागेकडे बघत मी पन्नास मिनिटं उभा होतो. गुडघ्यांचं विचारू नकोस. मागच्या बाईनं मला आपली पिशवी दिली, तिच्यावर जरा टेका म्हणाली.

मे महिन्यात ताईचं पत्र आलं. त्यानंतर मी आडमार्ग सोडले. मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि लिहून दिलं की जन्मावेळी हजर असलेली व्यक्ती मी आहे, वय तेव्हा आठ, आणि दाखल्यावरची नोंद कोणताही पुरावा न पाहता, कुणी न सांगता, मी केली. नंतर बहीण दुरुस्तीस आली असता स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी तिला तीनदा परत पाठवलं. दुसरी व्यक्ती जिवंत नाही, सबब एकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. साहेबांनी विचारलं की पेन्शनवर गदा येऊ शकते, माहीत आहे ना. मी म्हटलं, तो विभाग माझाच होता.

काल दुरुस्त दाखला मिळाला. सोबत पाठवतो आहे. एकच प्रत. ताईची तारीख बाबांची आहे, तिला मी हात लावला नाही, त्यामुळे कागदावर आता तू चार वर्षांनी धाकटी आहेस. कुठल्याही आईला जमेल एवढं अंतर आहे. मला नोटीस आली आहे, खुलासा तीन प्रतींत मागवला आहे.

जून गेला. ताईचा मुलगा म्हणतो की आता तिला खिडकी कुठे आहे तेवढंच कळतं. धाकटे, मला क्षमा कर. हे वाक्य मी बारा खेपांत प्रत्येक वेळी रांगेत मनात लिहिलं, कागदावर आज उतरलं.

राग ठेवायचा असेल तर ठेव, पण पत्र बंद करू नकोस.

खिडकीच्या बाहेरचा तुझा भाऊ,
दादा

९ ऑक्टोबर

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्ता नीट वाच. हे पत्र मी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते आहे.

तोच हॉल, तीच पिवळी रेघ. पेट्या वीस, आणि माझं नशीब बघ, पुन्हा बटणसाहेब. मी पाठांतर काही केलं नव्हतं, कागद तीनच नेले होते. त्यानं दुरुस्त तारखेचा नवा पासपोर्ट चाळला, नवा व्हिसा बघितला, शिक्का मारला. दोन मिनिटंही लागली नाहीत. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र पाहून घेतलं. बाकीची बटणं निळ्या दोऱ्याची आणि दुसरं डाळिंबी दोऱ्याचं, अजून जागच्या जागी. सात महिन्यांत त्याला ते कळलेलं नाही आणि त्याच्या वरच्या साहेबालाही नाही. माणसं मोजण्यात फार गुंतलेली असतात बिचारी.

बाहेर पहिल्या बाकावर ताई. सांगितल्याप्रमाणे मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गप्प राहिले. ती माझ्यातून पलीकडे बघत राहिली. मुलाला म्हणाली की अजून आली नाही का रे. मग मला बोलावंच लागलं. दादा, तुझं क्षमापत्र मला पोचलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं, कारण मला वाटलं होतं की सगळं मिटलं आहे. त्या बाकासमोर उभं राहिल्यावर कळलं की नाही मिटलेलं. चार महिने आधी आले असते तर तिला मी दिसले असते. हे लिहून ठेवते, म्हणजे मनात राहणार नाही.

घरी आल्यावर तिच्या अंगावर जाकीट चढवलं. माप अचूक बसलं. रंग कुठला म्हणून विचारलं तिनं, मी आईची शाल म्हटल्यावर बराच वेळ कॉलर हुंगत बसली. मग दोन्ही हात आत घालून अस्तरावरून फिरवले आणि डाव्या बाजूला थांबली. डोळ्यांना सापडणार नाही असं शिवलेलं ते, तिच्या बोटांना सापडलं. तिनं विचारलं की इथे कुणी उसवलं. मी म्हटलं, एका साहेबानं. तिनं विचारलं, इथल्या की आपल्या. मी म्हटलं, दोघांनी मिळून.

ती बोटानं तो टाका पुन्हा पुन्हा चाचपत राहिली, आणि मग म्हणाली की टाका मजबूत आहे. आणि तुला लिहायला सांगितलंय, की आता तुला रांगेत उभं राहायची सवय झाली आहे, तेव्हा गुडघ्यांचं नाटक पुरे, निघून ये. तिला अजून उजेड कळतो. दुपारच्या उन्हात तुला अंगणात उभं केलं तर तुझं टक्कल नक्की दिसेल, असं ती म्हणते आहे.

कागद कमी आण. लोभ आहे, तो दोघींचा आहे.

तुझी,
धाकटी